वळणाला बांध, बांधाला सांडवा

(पुण्यात माउंटन बाइक चालवणाऱ्यांच्या एका मेळाव्यात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. परवा मुळशीला एका मित्राच्या शेतावर जाऊन आलो. सात वर्षांपूर्वी सुट्टीवर आलो असताना आम्ही दोघांनी तिथे एक बर्म बांधला होता. मागच्या रांगेत काही जणांचे आईवडीलही दिसतायत, त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरातल्या सायकलच्या वाटेवर वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा तिरका कठडा उभा करतात, त्याला बर्म म्हणतात. वेगात आलेली सायकल त्याच्यावर चढते, आडवी होते आणि ब्रेक न लावता वळून निघते. मौतका कुआं पाहिलाय ना जत्रेत? त्याचा एक तुकडा कापून डोंगरावर ठेवला असं समजा.

तर आम्ही मार्चमध्ये तीन शनिवार-रविवार खपून तो बांधला. दिसायला देखणा झाला. फोटो काढले, वर-खाली पन्नास फेऱ्या मारल्या आणि मी कॅनडाला परत गेलो. जुलैत मित्राचा व्हिडिओ आला. बर्मच्या आत गुडघाभर तळं साचलेलं, त्यात बेडूक ओरडतायत. चार दिवसांनी दुसरा व्हिडिओ आला, त्यात तळंही नाही आणि बर्मही नाही. बांध मधोमध फुटला होता आणि पाण्यानं खाली भाताच्या खाचरापर्यंत माती नेली होती. परवा पाहिलं, तिथे आता कमरेएवढी घळ आहे आणि घळीच्या काठाला करवंदीची जाळी.

लाज अशी वाटते की मी पुरंदरचा. आमच्या आजोबांचं निम्मं आयुष्य ताली, म्हणजे उताराच्या शेताला बांध, घालण्यात गेलं. ते तो बर्म पाहायला असते तर त्यांनी उतार विचारला नसता, वेग विचारला नसता. एकच विचारलं असतं, "सांडवा कुठं काढलास?" सांडवा म्हणजे बांधामागचं जादा पाणी बाहेर जायला ठेवलेली वाट. मी तो काढलाच नव्हता. मी सायकलचं वळण बांधत होतो ना, शेताचा बांध थोडाच! पण पाण्याला हा फरक कळत नाही.

आज मला एवढ्याबद्दलच बोलायचंय. वळण किती तिरकं हवं याबद्दल भरपूर व्हिडिओ आहेत. तरी दोन मिनिटं हिशोब करू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

वळणाचा तिरकेपणा वेग आणि त्रिज्या या दोनच गोष्टींवर ठरतो. वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारानं भागा, त्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. अकरावीत केलंय तुम्ही. आता ४ मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी १५ किलोमीटरनं आलात तर २४ अंश, २० नं आलात तर ३८, आणि २५ नं आलात तर ५१ अंश. वेग जेमतेम दहानं वाढला आणि भिंत दुपटीहून खडी झाली. तुलनेसाठी, आपल्या घाटरस्त्याच्या वळणाला इंडियन रोड्स काँग्रेस जास्तीत जास्त १० टक्के बाहेरची कड उचलू देते, म्हणजे पावणेसहा अंश. टायरची पकड उरलेलं सांभाळते. बर्मवरही पकड असतेच, म्हणून तो कोन काटेकोर लागत नाही. पण भिंत सपाट फळीसारखी करू नका, कढईसारखी करा. खाली निवांत, वर खडी. मग लहान पोरगं खालून जातं, दांडगा गडी वरून जातो, दोघांनाही आपापला कोन मिळतो.

आता डोळ्यांसमोर डोंगर आणा. वाट उताराला आडवी डावीकडे चाललीय, तिला पूर्ण उलटं वळून उजवीकडे जायचंय. वळणाच्या पहिल्या अर्ध्यात बाहेरची बाजू कुठे असते? डोंगराकडे. म्हणजे तिथली भिंत खोदून निघते, ती मूळची माती आहे, हजारो वर्षं बसलेली. दुसऱ्या अर्ध्यात बाहेरची बाजू दरीकडे येते, आणि तिथली भिंत आपण भराव टाकून उभी करतो. खोदलेली माती भरावाला जाते, इथवर हिशोब छान बसतो. पण तो भराव आडवा पडलाय कुठे? बरोबर उताराच्या वाटेत. वरून डोंगराचं पाणी येतं, वाटेवरून वाटेचं पाणी येतं, आणि दोन्ही त्या भरावामागे अडतात. हा शंभर टक्के बांध आहे. आमचा फुटला तो ह्याच अर्ध्यात.

पाणलोटाच्या कामात आपण म्हणतो, पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला जिरायला लावा. सायकलच्या वाटेवर पहिलं वाक्य लागू आहे, पुढची दोन नाहीत. इथे पाण्याला थांबवायचं नाही. पळूही द्यायचं नाही. थोडं थोडं करून, लवकर लवकर, वाटेवरून बाहेर काढायचं आणि मग ते खाली रानात खुशाल जिरू दे.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. मी राहतो नॉर्थ व्हँकूव्हरला. गावाच्या डोक्यावर सायप्रस, फ्रॉम आणि सीमोर असे तीन डोंगर, त्यांना मिळून नॉर्थ शोर म्हणतात. उतारांवर वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, बहुतेक हिवाळ्यात. तिथल्या जुन्या वाटा सीडरच्या लाकडी फळ्यांच्या शिड्यांसाठी जगभर गाजल्या. त्या शिड्यांची सुरुवात कसरतीसाठी नव्हती, चिखलावरून पलीकडे जायला फळ्या टाकल्या होत्या. पुढे पोरांनी त्या उंच आणि अरुंद करत नेल्या, तो वेगळा विषय. १९९७ मध्ये तिथे नॉर्थ शोर माउंटन बाइक असोसिएशन स्थापन झाली. ठरलेल्या दिवशी स्वयंसेवक फावडी घेऊन जमतात आणि वाटा दुरुस्त करतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा मुकादम, म्हणजे साठीतला एक सुतार, माझ्या हातातलं फावडं काढून घेऊन म्हणाला, आज फक्त बघ. धो धो पाऊस. तासभर एका बर्मपाशी उभा राहिलो. त्यानं वरच्या अंगाला एक पिवळं पान वाटेवर टाकलं. ते पान वाटेच्या मधून तरंगत आलं, वळणात शिरल्यावर आतल्या कडेला सरकलं, तिथून बोटभर खोल ओघळीतून वळणाच्या शेवटाला आलं, आणि तिथे एका खळग्यात गोल गोल फिरत राहिलं. तो म्हणाला, "जिथे पान फिरतंय तिथे खण." बस्स. त्या दिवसाचं शिक्षण एवढंच.

त्या खळग्यातून पाणी बाहेर काढायला तीन जागी काम करावं लागतं. पण तिन्ही जागा सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची जागा वळणात नाहीच, वळणाच्या आधी आहे. वाट उतरत येते, तिला वळणाच्या सात-आठ मीटर आधी थोडं खाली घालून पुन्हा हातभर वर चढवायचं. रस्त्यावर बशीसारखा खोलगट भाग असतो तसा. त्या बशीचा दरीकडचा काठ फोडून ठेवायचा. वाटेवरून आलेलं सगळं पाणी तिथे उतरून जातं, वळणात शिरतच नाही. आणि गंमत बघा, त्या हातभर चढानं सायकलचा वेगही आपोआप पडतो. नाहीतर लोक वळणाच्या तोंडाशी करकचून ब्रेक मारतात, मागचं चाक घासतं, जमिनीवर पत्र्यासारख्या लाटा उठतात आणि प्रत्येक लाटेत वाटीभर पाणी साचतं. म्हणजे एका बशीत दोन कामं होतात. मला एकच गोष्ट करायला वेळ असेल तर मी ही करतो आणि बर्म पुढच्या वर्षावर ढकलतो.

दुसरी जागा डोंगराच्या अंगाला, खोदलेल्या भिंतीच्या वर. तिथे वीतभर खोल आडवा चर, एका बाजूला हलका उतार देऊन. चरातलं पाणी वळणाला वळसा घालून जातं. त्याबद्दल जास्त काही सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांनी श्रमदानात चर खोदलेत.

तिसरी जागा म्हणजे आमच्या आजोबांचा सांडवा. बर्मवर जो पाऊस पडतो तो आतल्या कडेलाच येणार. ती कड दगडांनी बसवून घ्यायची, दगड उभे आणि घट्ट, नालीसारखे. भराव संपतो त्याच्या लगेच पुढे वाटेचा सर्वांत खोल बिंदू ठेवायचा, तिथून पाणी आडवं बाहेर, आणि पुढे वाट पुन्हा किंचित चढवायची. बाहेर पडायच्या तोंडाला दगड पसरायचे, नाहीतर पाणी तिथूनच मागे मागे खात बर्मच्या पायापर्यंत येतं. काही जण बर्मच्या पोटातून पाइप घालतात. जिथे दुसरा इलाजच नाही तिथे घाला, पण फूटभर व्यासाच्या खालचा घालू नका आणि कोण साफ करणार त्याचं नाव आधी ठरवा. आपल्याकडे सागाची पानं पडतात, एकेक सुपाएवढं. दोन पानं आणि थोडा गाळ, की पाइप बंद.

हे सगळं करूनही वाटच सरळ उताराच्या रेषेत पाडली असेल तर काही उपयोग नाही. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचा एक ढोबळ नियम आहे, वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर २० टक्के उतरत असेल तर वाट १० च्या आत. त्याहून जास्त झाली की पाण्याला डोंगरापेक्षा वाटच सोयीची वाटते.

आता माती. नॉर्थ शोरवर वरचा हातभर थर कुजलेल्या पानामुळांचा असतो, काळा, मऊ, स्पंजासारखा. तो आधी पूर्ण काढून बाजूला टाकायचा, कारण त्याचा बर्म पहिल्या हिवाळ्यातच बसतो. त्याच्याखाली पिवळसर तपकिरी खनिज माती लागते, तिला तिथली मंडळी कौतुकानं 'गोल्ड' म्हणतात. एखाद्याला चांगला गोल्डचा खड्डा सापडला तर तो मित्रालाही पटकन दाखवत नाही. आपलं सोनं म्हणजे मुरूम. नुसता मुरूम सुकला की भुरभुरतो, म्हणून त्यात थोडी चिकण तांबडी माती मिसळायची. काळी माती चुकूनही नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगेत पाणी शिरलं की कथा संपली. भरावाच्या पोटात झाडाचे ओंडकेही घालू नका. ते कुजतात आणि आत पोकळी राहते. पोटाला दगड घाला.

माती थराथरानं टाकायची, दर थर वीतभराच्या आत, आणि प्रत्येक थर धुमसानं चोपायचा. तिथे मॅक्लाउड नावाचं हत्यार असतं, एका बाजूला दाताळं, दुसऱ्या बाजूला सपाट पातं. मुळात आग विझवणाऱ्या वनरक्षकाचं हत्यार, पण त्याची पाठ चोपायला छान लागते. आपल्याकडे ते नसलं तरी बिघडत नाही. टिकाव, फावडं, पहार आणि धुमस यांत सगळं होतं. आमचा मार्चमधला बर्म दुसऱ्या कारणानं फुटला असता तर तो ह्याच कारणानं: माती कोरडी ठणठणीत होती. कोरडी माती कितीही चोपा, वरून टणक दिसते, आतून पिठासारखी राहते. बांधायचा काळ म्हणजे पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर, जमिनीत ओल असते तेव्हा. म्हणजे पहिला मोठा पाऊस यायच्या आधी बर्मला बसायला सात-आठ महिने मिळतात.

आणि मजूर किती लागतील? हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून कागदावर मांडून आणलाय. एक मीटर उंच बर्म, आतली बाजू ४० अंश, मागची बाजू दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर उभं), म्हणजे पायाची रुंदी २.७ मीटर. ४ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ साडेबारा मीटर लांब. सगळा भराव धरला तर १७ घनमीटर. निम्मं वळण खोदून निघतं, म्हणून साडेआठ धरा. घमेल्यात १४-१५ लिटर माती मावते. सहाशे घमेली, आणि चोपून माती बसते म्हणून वर दीडशे. साडेसातशे घमेली, एका वळणाला! मागची बाजू दीडास एक न ठेवता उभी कापली की घमेली वाचतात, आम्हीही वाचवली होती.

एक सूचना, रागावू नका. वनखात्याच्या टेकडीवर परवानगीशिवाय फावडं चालवू नका. नॉर्थ शोरवरही कितीतरी वाटा अशा चोरून पाडल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या काही प्रशासनानं उखडल्या. मुळशीच्या मित्रासारखा मित्र शोधा, ज्याचं शेत उताराचं आहे आणि मन मोठं आहे. माझ्या मित्रानं परवा मला त्याच घळीपाशी उभं केलं आणि म्हणाला, ह्या वर्षी वरच्या अंगाला जागा आहे. आम्ही पुढच्या शनिवारी सुरू करतोय. आधी बशी, मग चर, मग सांडवा, आणि जमलं तर बर्म. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्या, जेवण त्याच्या घरी आहे.

प्रश्न नंतर घेऊ, आधी खाली चला. पार्किंगमध्ये तीन घमेली ठेवलीत, एकात कोरडा मुरूम, एकात ओला, एकात रबडी. प्रत्येकानं मूठभर घेऊन दाबायचं. लाडू वळला, बोटांतून पाणी निघालं नाही, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे झाले, तर ती माती बांधायच्या लायकीची. भुगा झाला तर पाणी शिंपडा. थापला गेला तर उद्या या. हात पुसायला फडकी आणलीत, पण दोनच आहेत.