बांधावरची चाचणी

[दृश्य : रावेर तालुका. मागे सातपुडा. केळीची बाग, सरीतली ठिबकची नळी, बांधावर पालथा घातलेला क्रेट.]

पाच बाय पाच फुटांवर लावलेली जी-नाईन जातीची केळी. एकरी साधारण १,७४० खोडं. बाग निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, लागली आहे. क्रेटवर दोन वस्तू ठेवल्यात : बागमालक नानांची लांबट वही आणि एक साधा फोन. लागवडीची तारीख, सोडलेलं खत, कापलेले घड हे सगळं वर्षानुवर्षं या वहीत उतरलं आहे. आता तेच काम फोनमधल्या ॲपला जमायला हवं.

कार्यालयातली चाचणी कधीच उरकली. प्रत्येक पान उघडतं, प्रत्येक बटण चालतं. ठरवून दिलं तसं ॲप बनलंय, एवढंच त्यातून कळतं. बागेत उभ्या माणसाचं काम त्याने होतं का, हे बागेतच पाहावं लागतं.

[दृश्य : कामाचं कार्ड, जवळून.]

ॲपवर नानांनी करायचं काम या कार्डावर लिहिलंय. त्याची भाषा नीट पाहा. ‘नवीन नोंद दाबून खत निवडा’ असं लिहिलं असतं तर बटणाचं नाव आपणच सांगितलं असतं आणि चाचणी तिथेच संपली असती. म्हणून कार्ड म्हणतं : ‘काल ठिबकातून युरियाचं एक पोतं सोडलं. वहीत लिहिता तसं इथे लिहा.’ अशी सहा कामं, चाळीस मिनिटं. शेजारी बसलेली, चाचणी घेणारी मुलगी फक्त टिपून घेते. बोट कुठे थांबलं, कुठून मागे आलं, तोंडातून कोणता शब्द निघाला. “कुठं दाबू?” असं विचारलं, की तिचं उत्तर एकच, “नाना, घरी एकटे असता तर काय केलं असतं?” गप्प बसणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. एकदा बोट दाखवलं, की त्या कामाची नोंद बाद.

[दृश्य : ‘क्षेत्र’ लिहिलेली चौकट. बोट ३ टाइप करतं.]

इथे थांबू या. चौकटीवर फक्त ‘क्षेत्र’ लिहिलंय. नानांनी तीन लिहिलं, कारण बाग तीन एकर आहे. ॲपने ते हेक्टर धरलं, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बनवणाऱ्यांनी तोच नमुना समोर ठेवला होता. तीन एकर म्हणजे साधारण १ हेक्टर २१ आर. बागेत खोडं सुमारे ५,२००, ॲपच्या हिशेबात मात्र १२,९००. पुढचं प्रत्येक खत जवळजवळ अडीचपट. कार्यालयात ही चूक सापडणं कठीण, कारण तिथे तीन लिहिणारा आणि तीनचा अर्थ लावणारा एकाच टेबलाशी बसलेला असतो.

शब्दांचंही तसंच. पडद्यावर ‘पुष्पोद्गम अवस्था’. नाना दोनदा वाचतात, पुढे सरकतात, परत येतात. समोरच्या झाडाकडे बोट करून म्हणतात, “निसवली म्हणायचं का?” तोच शब्द टिपणवहीत जातो. ‘रोपसंख्या’ खोडून ‘खोडं’. हे लाड नव्हेत. माणूस ज्या शब्दात मोजतो, त्याच शब्दात त्याला विचारायला हवं.

[दृश्य : शोधपट्टी. ‘बऱ्हाणपूर’. खाली : ‘काही सापडलं नाही’.]

रावेरच्या केळीवाल्याला बऱ्हाणपूरचा भाव रोज लागतो. यादीत गाव आहे, तरी सापडत नाही. कारण या ‘ऱ्ह’मध्ये आहे. एका कळफलकावर तो ‘ऱ’ आणि हलंत (पाय मोडायचं चिन्ह) असा बनतो, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असा. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. यादी आणि शोध दोन्ही आधी एकाच रूपात आणून मग जुळवले, की गाव सापडतं. आकड्यांनाही हाच नियम. ५ आणि इंग्रजी पाच, दोन्ही चालले पाहिजेत.

[दृश्य : विळा, कापलेलं पान, बोटांवर काळा पडलेला चीक. फोनवर फिरणारं चक्र.]

चिकाचा थर बसलेलं बोट काचेला नीट कळत नाही, म्हणून माणूस जोराने आणि पुन्हा दाबतो. बागेच्या आत रेंज तुटक. ‘जतन करा’ दोनदा दाबलं गेलं, नोंदी दोन झाल्या. यावर उपाय म्हणजे पहिल्या दाबालाच फोनने नोंदीला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने परत घेऊ नये. तपासायची रीत : विमान मोड चालू, नोंद भरा, दोनदा दाबा, ॲप पूर्ण बंद करा, उघडा, मोड काढा. नोंद एकच दिसली पाहिजे. दोन राहिल्या तर ॲप समजतं खत जास्त झालं, पुढचा हप्ता कापतं आणि ऐन निसवणीत बाग उपाशी राहते.

[दृश्य : पाच जण, पाच फोन.]

पाचच माणसं का? वापरायला सोपं काय याचा अभ्यास करणारे संशोधक याकोब निल्सन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ साली मांडलेल्या हिशेबात एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, पाच मिळून सुमारे ८५ टक्के. मात्र ते पाच एकाच प्रकारचे वापरकर्ते असावे लागतात. बागमालक पाच, तर प्रत्यक्ष खत सोडणारे सालदार वेगळे पाच. त्यातल्या काहींची घरची बोली पावरी, सातपुड्यातली आदिवासी बोली, आहे, त्यांना चित्रं आणि आवाज लागतो. सालदारांना वगळून केलेली चाचणी अर्धीच.

[दृश्य : पंधरा दिवसांनी. तोच बांध, तेच कार्ड.]

चौकटीशेजारी आता दोन पर्याय : एकर, हेक्टर-आर. नाना एकर निवडतात, तीन लिहितात. खाली ओळ उमटते : ‘साधारण ५,२०० खोडं. बरोबर?’

नाना वही उघडतात. वहीत ५,१५०. बाकीच्या नांग्या, खोड न जगलेल्या रिकाम्या जागा.

ते ५,२०० खोडून ५,१५० लिहितात.