तिवरांच्या मुळाशी अडकलेलं प्लास्टिक नेमकं काय करतं?

नमस्कार मंडळी! प्लास्टिकचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतं जाळ्यात गुरफटलेलं कासव, नाहीतर पोटात पिशव्या सापडलेली गाय. आजचं नुकसान तसं पटकन दिसणारं नाही. यात खाडीकाठच्या कांदळवनातलं तिवराचं झाड उभंच असतं, फक्त त्याचा उतारा, म्हणजे वर्षभरातली नवी वाढ, घटत जातो.

[पडद्यावर: ओहोटीची ठाणे खाडी, तिवरांच्या बुंध्याशी कॅमेरा]

हे चिखलातून वर आलेले बोटभर उंचीचे कोंब बघा. ही तिवराची मुळं आहेत आणि ती खालून वर वाढतात. कारण खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळपास नसतोच. ओहोटीला नाकात शिरणारा तो कुजका वास हायड्रोजन सल्फाइडचा; प्राणवायूविना जगणारे जिवाणू तो वायू तयार करतात. अशा जागी मूळ जगवायचं तर हवा वरूनच आणावी लागते. पाणी ओसरलं की या कोंबांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि आतल्या पोकळ्यांमधून थेट चिखलाखालच्या मुळांपर्यंत पोचते.

आता भरतीबरोबर एक पिशवी आली. पाणी परत गेलं, पिशवी कोंबांत अडकली. तिच्यावर गाळ बसला. पुढच्या भरतीला दुसरी आली. हळूहळू कोंब झाकले गेले, आणि ओहोटीतही हवा मिळेना.

मग झाड काय करतं? इंडोनेशियात जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर संशोधकांनी हेच तपासलं. २०२१ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे असतं तेच तिवर. काही झाडांभोवतीची निम्मी जमीन प्लास्टिकने झाकली, काहींची पूर्ण. निम्मी झाकलेली झाडं तग धरून राहिली, पानोरा टिकला. पूर्ण झाकलेल्या झाडांची मुळं प्लास्टिकखालून वाट शोधत भराभर वाढू लागली आणि पानं मात्र गळायला लागली. मला या प्रयोगातली आशेची बाजू फार मोलाची वाटते: तिवर चिवट आहे. थोडी जागा मोकळी मिळाली तरी ते सावरतं.

पण पानं गेली की काय जातं, ते नीट समजून घेऊया. शेतकरी एकरी उतारा मोजतो, तसा कांदळवनाचाही उतारा असतो. उन्हाच्या जोरावर झाडाने वर्षभरात किती नवी पानं, लाकूड, मुळं घडवली, ती त्याची उत्पादकता. गळलेलं पान खेकडे ओढून नेतात, कुरतडतात. उरलेलं कुजतं, त्यावर जिवाणू वाढतात, ते कोलंबीच्या पिल्लांच्या पोटात जातं. चिंबोरी, निवटी, कोलंबी, खाडीतल्या कितीतरी माशांची पिल्लं या पानांच्या आधाराने वाढतात. त्यामुळे पान कमी झालं की टंचाई वरपर्यंत चढत जाते.

इथे एक गुंता आहे. उतारा वाढला म्हणजे सगळं छान, असंही नाही. शहरातलं सांडपाणी खाडीत नत्र आणि फॉस्फरस ओततं, शेवाळ फोफावतं, आणि धाकटे रोहित पक्षी, म्हणजे लहान फ्लेमिंगो, सूक्ष्म शेवाळावरच जगतात. पण तेच शेवाळ मरून कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. रोहितांचे थवे दिसले म्हणून खाडी निरोगी आहे, असं मी तरी म्हणणार नाही.

कागदावर आपलं बरंच आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१८ मध्ये राज्याची प्लास्टिकबंदी, २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्य कांदळवृक्ष, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता. तरी पिशवी येते, कारण ती नाल्यातून येते. नाला खाडीला मिळण्याआधी जाळी लावून कचरा अडवणं आणि ती जाळी रोज उपसणं, माझ्या मते पैसा आधी इथे लागायला हवा. किनारा स्वच्छ करायला जात असाल तर जरूर जा, फक्त ओहोटीची वेळ बघा, कोंब आणि रोपं तुडवू नका, आणि गाळात रुतलेली पिशवी हिसकू नका. आधी भोवतीचा चिखल हाताने सैल करा.

आणि कोळीवाड्यातलं कुणी हे बघत असेल, तर डोल जाळ्यात बोंबील-जवळ्याबरोबर प्लास्टिक किती येतं, कोणत्या महिन्यात जास्त येतं, ते खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करायचाय.