पाव मागितल्यावरच आणा

इथे येण्याआधी तुमच्यापैकी निम्म्यांनी मिसळ खाल्ली असणार. नाशकात रविवारी सकाळी दुसरं काय करणार! तर तिथूनच सुरू करतो. मिसळवाला प्रत्येक टेबलावर आधीच दहा-दहा पाव मांडून ठेवत नाही. हात वर झाला की पोऱ्या आणून देतो. आपण वेब पेज करताना मात्र पंगतीसारखं सगळं वाढून मोकळे होतो, समोरचा खाणार असो वा नसो.

मी हेच केलं होतं. लासलगावचे कांद्याचे भाव दाखवणारं पेज. वर साधा तक्ता, मग दोन आलेख, तळाला नकाशा. सगळ्या स्क्रिप्ट (पेजला चालवणारा कोड) आणि स्टाइलशीट (पेजचं रूप ठरवणाऱ्या फाइली) हेडमध्ये, म्हणजे पेजच्या अगदी सुरुवातीला. ऑफिसच्या वायफायवर झकास चाललं. निफाडकडच्या एका शेतकऱ्याने फोन पुढे केला, तर स्क्रीन पांढरी. साधा स्क्रिप्ट टॅग आला की ब्राउझर एचटीएमएल वाचायचं थांबवतो, ती फाइल येऊन चालून होईपर्यंत. हेडमधली स्टाइलशीट येईपर्यंत तो काही रंगवतही नाही. त्या माणसाला हवा होता एक आकडा, आणि मी त्याला नकाशासाठी ताटकळत ठेवलं होतं.

स्क्रिप्ट टॅगला ‘डिफर’ लावलं की वाचन अडत नाही, पण फाइल उतरतेच. डेटा त्या शेतकऱ्याचाच जातो. म्हणून विजेट, म्हणजे इथे आलेख किंवा नकाशा, नजरेच्या टप्प्यात आलं की मगच मागवायचं. ब्राउझरमधलाच इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर ते कळवतो. मग स्क्रिप्ट एलिमेंट तयार करा, पत्ता द्या, हेडला जोडा. इथवर सोपं आहे.

माझी फजिती पुढे झाली. दोन आलेखांनी एकच लायब्ररी (तयार कोडची फाइल) मागितली, ती दोनदा चालली, आणि दुसऱ्या खेपेने पहिलीच्या सेटिंग्ज पुसल्या. लायब्ररी आली आहे का, हे मी तपासत होतो हो! पण ती वाटेत असताना उत्तर ‘नाही’ असंच येतं. म्हणून फाइलच्या पत्त्यागणिक प्रॉमिस, म्हणजे मागवल्याची पावती, जपून ठेवायचं. दुसरा गिऱ्हाईक आला की त्याला तेच द्यायचं: सांगितलंय, येतंय. फाइल आलीच नाही तर ती नोंद खोडायची, नाहीतर रेंज परत आली तरी जुनाच नकार मिळत राहतो. हे खोडणं मी विसरलो होतो आणि दोन दिवस सर्व्हरला शिव्या घालत बसलो.

क्रमाचंही तसंच. अशा जोडलेल्या स्क्रिप्ट जी आधी पोचेल ती आधी चालते. लायब्ररीच्या जिवावर चालणारं प्लगइन छोटं, ते लायब्ररीच्या आधी येऊन आपटतं. दोन्हींवर ‘एसिंक’, म्हणजे आली की चाल ही मुभा, फॉल्स केलं की जोडल्याच्या क्रमाने चालतात.

स्टाइलशीटकडे सगळे दुर्लक्ष करतात. ती आणणाऱ्या लिंक एलिमेंटलाही ऑनलोड, म्हणजे फाइल आल्याची वर्दी, असतो. स्क्रिप्ट आणि स्टाइल दोन्ही आल्यावरच विजेट उभं करा. माझा नकाशा स्टाइलआधी उभा राहिला, आपली उंची मोजली, ती शून्य भरली. विजेटच्या डब्याला उंची पेजच्या मूळ स्टाइलमध्येच द्या, म्हणजे वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

आता ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये, जिथे येणाऱ्या फाइलींची यादी दिसते, वेग मुद्दाम थ्रीजीवर आणतो. भाव आले बघा. यादीत आलेखाची फाइल अजून नाही. थोडं खाली सरकवतो... हं, निघाली. एकदाच.