कपाटातल्या खणातली राणी

ठाणे, वर्तकनगर. कपाटाचा हा खण आईने लेकाला रिकामा करून दिलाय. आत एक काचेची नळी, तिच्यावर लाल जिलेटिन कागद. मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही. त्यांच्या लेखी आत अंधारच.

ही मुंगळ्यांची राणी. जूनमधल्या पहिल्या पावसात जिन्यातल्या दिव्याखाली सापडली, पंख गळालेले. त्यानंतर दीड महिना तिने काही खाल्लं नाही. उडण्याचे स्नायू आता निकामी होते. तेच अंगात जिरवून तिने पहिली पोरं वाढवली. नळीच्या तळाशी कापसाच्या बोळ्यामागे पाणी, तेवढाच ओलावा. या दिवसांत नळीला सारखे धक्के बसले तर राणी स्वतःचीच अंडी खाते. म्हणून घरात सगळ्यांना ताकीद होती: आठवड्यातून एकदा बघायचं, तेही मिनिटभर.

आता सहा कामकरी आहेत. खरी वाढ इथून पुढे.

मधाच्या पाण्याचा थेंब मोठ्यांसाठी. अळ्यांना अंग धरायला मांस लागतं. हा झुरळाचा पाय, उकळत्या पाण्यातून काढलेला. औषध फवारलेल्या घरातलं झुरळ चुकूनही घालू नये. मोठ्या मुंगीला घट्ट घास गिळता येत नाही. ती रस पिते आणि तोंडातोंडी सगळ्यांना भरवते.

पावसाने हवा गार झाली, तेव्हा नळीचं एक टोक सेट-टॉप बॉक्सला टेकवलं. बघा, अळ्या उचलून त्यांनी कुठे नेल्यात! उबेत अळ्या भराभर वाढतात.

आणि हे कोश. सोसायटीच्या कुंडीखालून आणलेले, याच जातीचे, वीस. पिवळट, टोकाला काळा ठिपका. कोश विणून झाल्यावर अळी पोट रिकामं करते, त्याची ही खूण. परकी मोठी मुंगी आत सोडली असती, तर मारामारीच झाली असती. पण नुकतं जन्मलेलं पोर ज्या वासात वाढतं, तेच त्याचं घर. कोशातून मुंगी बाहेर येताना टिपायला आम्ही दोन तास कॅमेरा लावून बसलो. दोघी कामकरी कोश कुरतडताहेत. आत दुधी रंगाची मुंगी, पाय अंगाशी चिकटलेले. एक पाय सुटला. आता दुसरा.

कुंडीखालच्या घरट्यात तेवढ्या मुंग्या कमी झाल्या.

मोठं घर इतक्यात द्यायचं नाही. रिकाम्या कोपऱ्यांत कचरा साठतो, बुरशी धरते. जुन्या नळीला फक्त एक नवी नळी जोडली आहे. दोन कामकरी पलीकडे जाऊन आल्या. राणी अजून जागची हललेली नाही.