दोन मिनिटांचं विमान

सोलापूर स्टेशनवरून सात रस्त्याला रिक्षा केली की सिग्नल, मधेच घुसणारी बाईक, शेअरवाला अजून एक पॅसेंजर मिळेल म्हणून कडेला थांबणं, हे सगळं धरून किती वेळ जातो ते आपल्याला माहितीये. जवळपास तेवढ्याच अंतरासाठी जगात एक रेग्युलर विमान आहे, तिकीट काढून, टाइमटेबलसकट.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं हवाई अंतर फक्त 2.7 किलोमीटर. लोगनएअर ही कंपनी 1967 पासून इथं विमान चालवते. टाइमटेबलमधे वेळ दोन मिनिटं लिहिलेली असते, वारं सोयीचं असलं तर त्याहून कमी, आणि रेकॉर्ड आहे 53 सेकंदांचा. जगातलं सगळ्यात छोटं शेड्यूल्ड फ्लाइट हेच.

आता मोठ्या जेटचा हिशेब इथं लावून बघा, ताशी 800 किलोमीटर धरलं तर उत्तर येतं बारा सेकंद! साफ चुकीचं, कारण इथं जेट नाहीच, आयलँडर नावाचं दोन पंख्यांचं छोटंसं विमान आहे, ताशी 240 च्या आसपास पळणारं. त्या स्पीडनं चाळीस सेकंद निघतात, पण उडताना आणि उतरताना तो स्पीड असतो कुठं? आणि विमान वाऱ्याच्या तोंडावरच उडवायचं-उतरवायचं असतं, त्यामुळं वारं फिरलं की वळसा घ्यावा लागतो. म्हणजे दोन मिनिटांतला बराच वेळ नुसतं पुढं जाण्यात नाही, उडण्या-उतरण्यात आणि वळण्यात जातो.

आत आठेक माणसं बसतात, एक जण थेट पायलटच्या शेजारी, आपण रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला टेकतो तसं. खाली समुद्र, पलीकडं हिरवं शेत, आणि तेवढ्यात चाकं टेकलेली पण असतात. गंमत म्हणून नाही हं हे, डॉक्टर, शिक्षक याच विमानानं ये-जा करतात, पापा वेस्ट्रेवर माणसंच जेमतेम शंभराच्या आत.

दुसरं टोक बघायचं तर दक्षिण अटलांटिक महासागरातलं सेंट हेलेना, नेपोलियन जिथं 1821 मधे वारला ते बेट. तिथून सगळ्यात जवळचं असेन्शन बेट, ते पण सुमारे 1300 किलोमीटरवर! विमानतळ बांधून झाला तरी कड्यावरच्या उलटसुलट वाऱ्यामुळं रेग्युलर फ्लाइट सुरू व्हायला ऑक्टोबर 2017 उजाडला, त्याआधी केपटाऊनहून बोटीनं पाच दिवस. आफ्रिकेतून येणारं विमान सुरुवातीला काही सीट रिकाम्या ठेवून यायचं, कारण उतरता आलं नाही तर परत फिरायला पुरेल इतकं इंधन अंगावर पाहिजे, मधे दुसरी धावपट्टीच नाही.

हे सगळं आमच्या रिक्षावाल्या मामांना सांगितलं. सात रस्त्याच्या सिग्नलला उभे होतो. मामा म्हणाले, "53 सेकंद? अहो मग पट्टा लावायचा कवा आन् सोडायचा कवा?"