कुर्स्क वर आली, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

12 ऑगस्ट 2000, शनिवार. रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात नौदलाचा सराव चालू होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास कुर्स्क या अणुपाणबुडीच्या पुढच्या कप्प्यात एक स्फोट झाला. त्यानंतर सव्वादोन मिनिटांनी दुसरा, आणि तो इतका मोठा की नॉर्वेतल्या भूकंपमापकांवर त्याची नोंद झाली. 154 मीटर लांबीची ती पाणबुडी 108 मीटर खोल तळाला जाऊन टेकली. आत 118 माणसं होती. एकही वाचला नाही.

पुढचे नऊ दिवस काय झालं, ते तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा बातम्यांत ऐकलं असेल. रशियन बचावयान सुटकेच्या झडपेवर नीट बसेना, परदेशी मदत घ्यायची की नाही यात दिवस गेले, आणि 21 ऑगस्टला नॉर्वेच्या पाणबुड्यांनी, म्हणजे खोल पाण्यात उतरून काम करणाऱ्या माणसांनी, मागची झडप उघडली तेव्हा आत नुसतं पाणी होतं. त्या दिवसांबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. मला आज सांगायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षाबद्दल, कारण कुर्स्क वर काढली गेली नसती, तर घरच्यांच्या मनातले प्रश्न तिच्याबरोबर चिखलातच राहिले असते.

वर काढायची तरी कशी? आत दोन अणुभट्ट्या. त्या स्फोटानंतर आपोआप बंद पडल्या होत्या आणि किरणोत्सर्गाची गळती नव्हती, पण भोवती मासेमारीचा समुद्र. त्या कायमच्या तिथे सोडून देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय क्षेपणास्त्रं होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पुढचा कप्पा फाटून त्याचा चेंदामेंदा झाला होता, त्यात न फुटलेले टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून मारा करणारी स्फोटक अस्त्रं, शिल्लक असण्याची भीती होती. उचलताना तो भाग तुटून खाली आपटला असता, तर?

मे 2001 मध्ये हे काम मामूट आणि स्मिट या दोन डच कंपन्यांनी मिळून घेतलं. हातात वेळ थोडा होता. त्या समुद्रात ऑक्टोबर सरला की वादळं सुरू होतात.

त्यांनी ठरवलं, पुढचा भाग कापायचा आणि तिथेच ठेवायचा. पाणबुडीच्या दोन्ही अंगांना पोलादाचे प्रचंड पोकळ नळकांडे तळात रोवले आणि त्यांच्यामधून एक केबल पुढे-मागे ओढत राहिले. त्या केबलवर अतिकठीण धातूचे काटेरी तुकडे बसवलेले होते. म्हणजे ती करवतच, पण पाण्याखाली शंभर मीटरवर चालणारी आणि जवळ एकही माणूस नसलेली. केबल तुटायची, दुरुस्त व्हायची, पुन्हा चालू. या निर्णयावर तेव्हा टीका झाली. स्फोटाचं कारण ज्या कप्प्यात दडलेलं, तोच कप्पा मागे कसा सोडता, असं विचारलं गेलं. मला मात्र तो निर्णय योग्यच वाटतो. मेलेल्यांना बाहेर आणण्यासाठी जिवंत पाणबुड्यांना टॉर्पेडोच्या शेजारी पाठवू नये.

या पाणबुड्यांचं काम फार कष्टाचं. ते आठवड्यांमागून आठवडे जहाजावरच्या दाबकक्षातच राहायचे. खालच्या दाबाइतकाच दाब तिथे ठेवलेला, त्यामुळे प्रत्येक खेपेनंतर शरीर पुन्हा वरच्या हवेला सरावायची गरज नाही. खाली उतरून त्यांनी कुर्स्कच्या अंगावर 26 भोकं पाडली. आधी बाहेरचं जाड रबर, मग बाहेरचं कवच, मधली पोकळी, आणि मग आतलं जाडजूड पोलाद. कापायला वापरलं पाणीच, बारीक कठीण कण मिसळलेलं, प्रचंड दाबाने सोडलेलं. त्या 26 भोकांत 26 पकडी बसवल्या.

वर जायंट 4 नावाचं बार्ज, म्हणजे सपाट तळाचं मालवाहू जहाज, येऊन उभं राहिलं. त्यावर 26 जॅक, प्रत्येकाची ताकद 900 टनांची. प्रत्येक जॅकमधून 54 पोलादी तारांचा जुडगा खाली सोडलेला. पण समुद्र स्थिर कुठे असतो? लाट आली की बार्ज वर जाणार, आणि खाली हजारो टनांचं ओझं. एका हिसक्यात तारा तुटल्या असत्या. म्हणून प्रत्येक जॅक दाबाखालच्या नायट्रोजनच्या उशीवर बसवला होता. बार्ज हलायचं, पण तारांवरचा ताण जवळपास तेवढाच राहायचा. या सगळ्या कामातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच.

दुसरी अडचण चिखलाची. भातलावणीच्या चिखलात रुतलेला पाय सरळ वर ओढला तर निघत नाही, आधी टाच सैल करावी लागते. कुर्स्कचंही तसंच केलं. शेपटीकडच्या तारांवर ताण हळूहळू वाढवत नेला, तळाची पकड सुटू दिली, आणि मग ती सगळी उचलली.

8 ऑक्टोबर 2001 ला पहाटे हे काम सुरू झालं आणि सुमारे पंधरा तास चाललं. पाणबुडी पाण्याबाहेर आलीच नाही. ती बार्जच्या पोटाखाली, तिच्याच आकाराच्या खाचेत नेऊन घट्ट बसवली आणि तशीच मुर्मान्स्कजवळच्या रोस्ल्याकोवोला ओढत नेली. तिथल्या तरंगत्या गोदीत बार्ज आणि पाणबुडी मिळून मावेनात, इतकी त्यांची खोली. म्हणून मुद्दाम बांधलेले दोन पोंटून, म्हणजे तरंगते पोकळ तराफे, बार्जखाली घालून सगळं आणखी वर उचललं, तेव्हा कुठे कुर्स्क गोदीत बसली.

मग आतली माणसं बाहेर आणली. 118 पैकी 115 जण सापडले. त्यांच्या घरच्यांना अंत्यसंस्कार करता आले.

आणि उत्तरं मिळाली. कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव यांची चिठ्ठी आदल्या वर्षीच पाणबुड्यांच्या हाती लागली होती. स्फोटानंतर 23 जण नवव्या कप्प्यात जमले होते, हे त्या अंधारात लिहिलेल्या ओळींतून कळलं होतं. मग ते किती वेळ जगले? मदत लवकर आली असती तर? बायका, आया, भाऊ हेच विचारत होते. पाणबुडी गोदीत आल्यावर नववा कप्पा तपासता आला. तिथे आग लागल्याच्या खुणा होत्या. प्राणवायू तयार करणाऱ्या रासायनिक वड्यांचा पाण्याशी आणि तेलाशी संपर्क आला की भडका उडतो; तसंच झालं होतं. रशियाचे महाअभियोक्ता व्लादिमीर उस्तिनोव यांनी 2002 मध्ये चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला: ते आठ तासांच्या आत गेले होते. परदेशी पाणबुडीशी टक्कर झाली, ही नौदलातल्या अनेकांनी लावून धरलेली गोष्टही टिकली नाही. सरावाच्या टॉर्पेडोतून हायड्रोजन पेरॉक्साइड गळलं आणि पहिला स्फोट झाला. इतकं जहाल रसायन टॉर्पेडोत वापरणं ब्रिटिश नौदलाने 1955 मधल्या अपघातानंतर सोडून दिलं होतं.

आता आपल्याकडे येतो. 14 ऑगस्ट 2013 ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट झाले आणि ती धक्क्यालाच बुडाली. 18 नौसैनिक गेले. पाणी उथळ, पण गढूळ, हातभरावरचं दिसेना. आतल्या उष्णतेने पोलाद वितळून दरवाजे चिकटलेले. नौदलाच्या पाणबुड्यांनी त्या अवस्थेत एकेक सहकारी बाहेर आणला, आणि ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. पाणबुडी वर आली ती जून 2014 मध्ये. 2017 मध्ये तिला अरबी समुद्रात खोल नेऊन बुडवण्यात आलं.

चौकशी मंडळाचा संपूर्ण अहवाल मात्र गोपनीयच राहिला. शस्त्रांची गुपितं झाकावी लागतात, हे मान्य आहे. रशियानेही चौकशीचे सगळे खंड उघडले नाहीत, पण निष्कर्षांचा सारांश छापला. त्या 18 घरांसाठी तेवढं तरी आपणही करावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नमस्कार.