खालची तीन फूट भिंत

(दृश्य : सकाळ. अंगणात तारेवर गोधड्या, बाजेवर भांड्यांचे ढीग.)

औसा, जिल्हा लातूर. दसरा काढायला घेतला, घरातलं सगळं सामान अंगणात आलं आणि भिंती उघड्या पडल्या. कपाटामागं गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत. बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येते. लोणा.

गेल्या दिवाळीला याच भिंतीवर आम्ही पुट्टी भरली, वर महागातला प्लॅस्टिक पेंट मारला. होळीपर्यंत रंगाला फोड आले. दोष रंगाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

यंदा चाचांना बोलावलंय. चाळीस वर्षं ब्रश हातात आहे, पण आल्या आल्या त्यांनी डबा मागितला नाही. खताच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक मागितलं.

(दृश्य : दीड फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवतात.)

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला बारीक थेंब धरलेले. म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीतली आहे. विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं. येताना जमिनीतले, विटेतले क्षार सोबत आणतं. पृष्ठभागाशी आलं की पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे मागं उरतात. ते फुगतात, आणि पुट्टी असो की गिलावा, आतून ढकलून पाडतात. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात बांधकामही त्याच पाण्यानं झालेलं. मग काय विचारता.

"रंगाचं मागून बघू. पलीकडं काय आहे?"

पलीकडं न्हाणी. कोपऱ्यात कोब्याला केसाएवढी चीर. सगळं दुखणं तिथलं.

न्हाणीचा कोपरा फोडून नवा कोबा केला. इकडं तीन फुटांपर्यंतचा गिलावा वीट दिसेपर्यंत काढला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, धुवायचा नाही. पाणी मारलं की क्षार विरघळून परत विटेत शिरतात. आई बादली घेऊन आलीच होती, तिला दारातूनच परत पाठवलं.

(दृश्य : खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग. तिच्यावर पेन्सिलच्या दोन आडव्या रेघा, शेजारी तारीख.)

भेग दिसली की इथल्या माणसाच्या पोटात कालवतं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट इथं कुणाला सांगावी लागत नाही. पण ही भेग भूकंपाची नाही, काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पाया तिच्यासोबत हलतो. रेघा मे महिन्यात मारल्या होत्या. तेव्हा भेगेत रुपयाचं नाणं जायचं, आता नखही जात नाही. अशा हलत्या भेगेत नुसतं सिमेंट भरलं, तर शेजारी नवी भेग पडते. म्हणून ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी कोरून, धूळ फुंकून, ताण सोसणारी क्रॅक पेस्ट भरायची. भेग आरपार असेल, दर वर्षी रुंदावत असेल, तर मात्र पेंटर नको, इंजिनिअर बोलवा.

दारं जुनी, त्यांवर ऑईल पेंटचे थरावर थर. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांच्या वर नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरात काय असेल कुणास ठाऊक. म्हणून पॉलिश पेपर ओला करून घासायचा, धूळ उडू द्यायची नाही, आणि लेकरांना तेवढा वेळ शेजारी पाठवायचं.

ट्रॅक्टरच्या शेडचं काम सोपं. शटरचा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा, फडक्यानं पुसायचं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा. रात्रभर उघडं राहिलं तर दवानं पुन्हा गंज धरतो. कोब्यावर ऑईलचे डाग होते. भुसा टाकून शोषून घेतला, मग धुण्याचा सोडा आणि कढत पाणी. तरी पाण्याचा थेंब डागावर मोत्यासारखा उभा राहतो, भिनत नाही. भिनत नाही तिथं रंगही धरायचा नाही. भावाला चकचकीत फ्लोअर पेंट हवा होता. माझं मत, शेड कोऱ्या कोब्याचीच बरी. तापलेल्या टायरनं रंग असाही उचलून येतो.

(दृश्य : चाचा रंग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळतात.)

नवव्या दिवशी डबा उघडला. वरच्या भिंतीला प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर आणि रंगाचे दोन हात. पहिला हात वाळेपर्यंत दुसरा नाही.

(दृश्य : पिवळसर नवी भिंत. खाली उघड्या विटा.)

खालचे तीन फूट अजून तसेच आहेत. प्लॅस्टिकखाली थेंब दिसायचे थांबले, की गिलावा. तो 28 दिवस मुरल्यावर रंग. म्हणजे दिवाळी अशीच जाणार. नवं सोयाबीन घरात आलंय, त्याची पोती रचून विटा झाकाव्यात असं आईच्या मनात होतं. चाचांनी मान हलवली. भिंतीला वारा लागला पाहिजे.

पोती ओट्यावर आहेत.